वाचकांचे प्रश्न : परदेशी भागीदारीची अनुदाने आणि आपली विद्यापीठे

गेल्या अंकात या सदरात परदेशी विद्यापीठांच्या भागीदारीतून आपल्या विद्यापीठांची क्षमता वाढवण्यासाठी मिळणाऱ्या अनुदानांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून गाळली आहेत.

ज्यांच्यापुढे मागचा अंक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. युरोपीय समुदायाने १९८७ मध्ये विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीसाठी 'इरॅस्मस' हा कार्यक्रम सुरू केला. १९९० मध्ये शेजारी देशांतील विद्यापीठांच्या सुधारणेसाठी 'टेम्पस' आला आणि २०१४ पासून असे अनेक कार्यक्रम 'इरॅस्मस प्लस' या एका छत्राखाली आले. त्यात 'उच्चशिक्षणातील क्षमताबांधणी' नावाचा एक भाग आहे आणि त्यासाठी पात्र असलेल्या आशियाई देशांत भारताचा समावेश होतो. या भागात तीन प्रकारचे प्रकल्प असतात. पहिला प्रकार नवख्या व लहान संस्थांसाठी असून त्याचे अनुदान दोन ते चार लाख युरो असते. दुसरा अभ्यासक्रम व प्रशासन यांच्या सुधारणेसाठी असून त्याला चार ते आठ लाख युरो मिळतात. तिसरा प्रकार देशपातळीवरील धोरणात्मक सुधारणेसाठी आहे आणि त्याची मर्यादा सहा ते दहा लाख युरोंची आहे. युरोचा भाव नव्वद रुपये धरला, तर चार लाख युरो म्हणजे सुमारे ३ कोटी ६० लाख रुपये होतात. मात्र ही रक्कम सर्व भागीदारांत मिळून असते. पत्रांतील उत्साह पाहता हे वाक्य अनेकांच्या नजरेतून सुटले असावे असे वाटते.

प्रश्न : युरोपातील एका विद्यापीठाच्या प्राध्यापकांचे आमच्या विभागाला ई-पत्र आले आहे. पाणी व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमासाठी ते प्रकल्प सादर करत असून आमच्या महाविद्यालयाला भागीदार करून घेऊ इच्छितात. अर्जाची मुदत पुढच्या आठवड्यात संपते. त्यांनी संमती आणि संस्थेचा नोंदणी क्रमांक मागितला आहे, पण प्रकल्पाचा मसुदा पाठवलेला नाही. आमचे प्राचार्य म्हणतात, सही करायला काय जाते? आपला सल्ला काय?
— सहयोगी प्राध्यापक, लातूर

उत्तर : सही करण्याने पुष्कळ काही जाते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

हे पत्र याच वेळी का आले, ते आधी समजून घ्यावे. या अनुदानाच्या अर्जांची मुदत साधारणपणे फेब्रुवारीत असते. नियमानुसार भागीदारांच्या गटात किमान दोन युरोपीय देशांतील उच्चशिक्षण संस्था असाव्या लागतात, आणि युरोपीय संस्थांची जेवढी संख्या असेल निदान तेवढ्या संस्था भागीदार देशांतील असाव्या लागतात. त्यामुळे ज्यांच्याकडे तीन युरोपीय विद्यापीठे आहेत, पण भारतीय नावे मात्र दोनच जमली आहेत, त्यांची जानेवारीत धावपळ होते. आपल्याला आलेले पत्र अशा धावपळीतले असेलच असे मी म्हणत नाही. परंतु मसुदा न दाखवता संमती मागितली जाते, तेव्हा आपली गरज त्या संस्थेच्या यादीपुरती आहे काय, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

चार गोष्टी त्वरित मागाव्यात : प्रकल्पाचा मसुदा, कामांच्या गटांचा तक्ता, त्या तक्त्यात आपल्या महाविद्यालयासमोर लिहिलेली कामे आणि आपल्या वाट्याची रक्कम. या चार गोष्टी दोन दिवसांत मिळाल्या, तर समोरचा माणूस गंभीर आहे असे समजावे. 'निवड झाल्यावर बघू' असे उत्तर आले, तर नम्रपणे नकार द्यावा. निवड झाल्यावर बघण्यासारखे फारसे उरत नाही, कारण कोणते काम कोणी करायचे आणि कोणाला किती पैसे मिळायचे हे अर्जातच ठरलेले असते, आणि निवडीनंतर प्रत्येक भागीदार त्याच तक्त्यावर आधारलेल्या अनुदान करारात सामील होण्याची सही करतो.

माझ्या मते आपण खरा आग्रह धरायला हवा तो गरजेच्या वर्णनासाठी. अर्जाला शंभरपैकी गुण दिले जातात. प्रस्तुतता आणि प्रकल्पाची आखणी यांना प्रत्येकी तीस, भागीदारीच्या गुणवत्तेला वीस आणि परिणाम व टिकाऊपणा यांना वीस गुण असतात. एकूण साठ गुणांच्या खाली असलेला अर्ज बाद होतो. प्रस्तुततेत तर निम्मे गुण मिळवावेच लागतात. म्हणजे 'ही गरज खरोखर कोणाची आहे' या प्रश्नाला तिथे मोठे वजन आहे. 'दक्षिण आशियातील विद्यापीठांचे अभ्यासक्रम कालबाह्य आहेत' असे वाक्य ढाक्यापासून काठमांडूपर्यंत कोठेही चिकटवता येते. त्यात लातूर नसते. ज्या शहराला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरातील महाविद्यालयाला पाण्याच्या अभ्यासक्रमाची गरज परक्या माणसाने लिहून द्यावी, हे मला पटत नाही. आपल्या भूगोल, कृषी आणि स्थापत्य या विभागांतील तीन प्राध्यापकांनी एका बैठकीत दोन पाने लिहावीत. भूजल शिकवताना विद्यार्थी शिवारात जातात की नाहीत, विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी वर्गात वापरल्या जातात की नाहीत, अभ्यासमंडळाने हा अभ्यासक्रम शेवटचा केव्हा बदलला, पदवीधरांना काम कोठे मिळते आणि मालक त्यांच्यात काय उणे सांगतात, एवढे त्यात यावे. त्या दोन पानांतील मजकूर अर्जात जाणार असेल, तर सही करावी.

आणखी एक गोष्ट. सही कोणाची, हा प्रश्न आपल्याकडे फार हलका घेतला जातो. संलग्न महाविद्यालय हे बहुतेक वेळा स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नसते. ते चालवणारी शिक्षणसंस्था तशी असते. म्हणून युरोपीय आयोगाच्या पोर्टलवरील नऊ अंकी सहभागी क्रमांक कोणाच्या नावाने घ्यायचा आणि करारावर सही करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे संस्थेच्या कार्यकारी मंडळाच्या ठरावाने निश्चित व्हावे. प्राचार्यांनी उत्साहात केलेली सही पुढे संस्थेला मान्य नाही असे निघाले, तर भागीदारांपुढे सर्वांचीच अडचण होते.

यंदा वेळ कमी असेल, तर अनुदान न घेता 'सहयोगी भागीदार' म्हणून सामील होण्याचा मार्गही आहे. त्यात पैसे मिळत नाहीत आणि हिशेबाची जबाबदारीही येत नाही, पण प्रकल्प आतून कसा चालतो ते कळते.

प्रश्न : आमची शिक्षणसंस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे. परदेशी विद्यापीठाकडून प्रकल्पाचे पैसे आमच्या नेहमीच्या बँक खात्यात घेता येतील का? आमच्या दोन महाविद्यालयांबरोबर शेजारच्या तालुक्यातील आणखी एका संस्थेचे महाविद्यालयही प्रकल्पात आहे. त्यांचा वाटा आम्ही घेऊन त्यांना द्यावा असे ठरले आहे.
— संस्थेचे सचिव, जालना जिल्हा

उत्तर : दोन्ही गोष्टी करू नयेत.

परदेशी विद्यापीठाकडून येणारे प्रकल्पाचे अनुदान हे परकीय देणगी (नियमन) कायदा, २०१० याच्या कक्षेत येते, असे धरूनच चालावे. या कायद्याला सर्वजण एफसीआरए म्हणतात. आपल्या संस्थेची त्याखाली नोंदणी नसेल आणि पूर्वपरवानगीही नसेल, तर एक युरोही स्वीकारता येत नाही. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे अस्तित्वात असावी लागते आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या उद्दिष्टांवर किमान पंधरा लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. नोंदणी पाच वर्षांसाठी असते. त्यानंतर नूतनीकरण करावे लागते, आणि ते विसरणाऱ्या संस्था आपल्याकडे पुष्कळ आहेत. पूर्वपरवानगी ही एका ठरावीक देणगीदाराकडून, ठरावीक कामासाठी, ठरावीक रक्कम घेण्यापुरती असते. तिच्या अर्जासोबत देणगीदाराचे वचनपत्र जोडावे लागते. असा अर्ज साधारणतः नव्वद दिवसांत निकाली काढावा असे कायदा म्हणतो. प्रकल्पाची सुरुवात आणि परवानगी यांत अंतर पडू शकते, हे परदेशी भागीदारांना आधीच सांगून ठेवावे, कारण त्यांना या कायद्याची कल्पना नसते आणि उशीर झाला की ते त्याला आपली बेफिकिरी समजतात.

२०२० च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक परकीय देणगी आधी भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेत उघडलेल्या एफसीआरए खात्यातच यावी लागते. तेथून ती आपल्या गावच्या बँकेतील वापराच्या खात्यात वळवता येते. त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच आहे : एका संस्थेने स्वीकारलेली परकीय देणगी दुसऱ्या कोणालाही हस्तांतरित करता येत नाही, मग ती संस्था नोंदणीकृत असली तरी. त्यामुळे 'तुमचा वाटा आमच्याकडे येऊ द्या, आम्ही देतो' ही शेजारधर्माची व्यवस्था कायद्याला मान्य नाही. शेजारच्या संस्थेने स्वतःची नोंदणी किंवा परवानगी घेऊन आपला वाटा परदेशी समन्वयकाकडून थेट घ्यावा, आणि तसे भागीदारांच्या आपसातील करारात स्पष्ट लिहावे. वार्षिक विवरण आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत भरायचे असते. एखाद्या वर्षी काहीच रक्कम आली नाही तरी ते भरावे लागते.

राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांची गोष्ट वेगळी असू शकते. ज्या वैधानिक संस्थांचे लेखापरीक्षण भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडून होणे बंधनकारक आहे, अशा संस्थांना केंद्र सरकारने या कायद्यातून सूट दिलेली आहे. आपले विद्यापीठ त्या अटीत बसते की नाही, हे वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावे. महाविद्यालयाने मात्र 'आम्ही त्या विद्यापीठाशी संलग्न आहोत, म्हणून आम्हालाही सूट' असा अर्थ काढू नये.

प्रश्न : मी एम.एस्सी. करत आहे. या अनुदानातून मला युरोपात पीएच.डी. करता येईल का?
— विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : या अनुदानातून नाही. ते संस्थेला मिळते, व्यक्तीला नाही, आणि मूलभूत संशोधन हा त्याचा विषय नाही. परदेशात संयुक्त पदव्युत्तर पदवी घ्यायची असेल, तर 'इरॅस्मस मुंडस' शिष्यवृत्त्या पाहाव्यात. त्यांचा अर्ज विद्यार्थ्याने स्वतः त्या त्या अभ्यासक्रमाकडे करायचा असतो. डॉक्टरेटसाठी 'मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी' कार्यक्रमातील जागा जाहीर होतात. त्यांत निवड झालेल्या संशोधकाला पगारी नेमणूक मिळते आणि बहुतांश जागांसाठी राष्ट्रीयत्वाची अट नसते. या कामासाठी पैसे मागणाऱ्या एजंटांपासून दूर राहावे.

प्रश्न : मी विद्यापीठाच्या लेखा विभागात काम करतो. 'एकरकमी अनुदान' असल्यामुळे बिले जोडण्याची गरज नाही, असे आमच्या प्रकल्प-समन्वयकांचे म्हणणे आहे. हे खरे आहे का? आणि दहा टक्के आपल्याकडून घालायचे म्हणजे नेमके काय?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि लेखा विभागाला त्रास होतो तो उरलेल्या अर्ध्याचाच.

सध्याच्या पद्धतीत प्रकल्पाची रक्कम अर्जातील अंदाजपत्रकावरून एकदाच ठरते आणि ती कामांच्या गटांत वाटलेली असते. अखेरच्या टप्प्यावर युरोपीय आयोगाची कार्यकारी संस्था विमानाच्या तिकिटाची पावती मागत नाही. ठरलेले काम पूर्ण झाले का, हे ती पाहते. काम पूर्ण झाले नसेल, तर त्या गटाची रक्कम कापली जाऊ शकते. म्हणजे जुन्या पद्धतीत पावती हरवली तर एका पावतीचे पैसे जात. आता एक अभ्यासक्रम विद्या परिषदेच्या बैठकीत अडकला, तर त्या संपूर्ण गटाच्या पैशावर टाच येऊ शकते. आपल्या विद्यापीठांत नवा अभ्यासक्रम अभ्यासमंडळ, विद्याशाखा आणि विद्या परिषद अशा पायऱ्या चढून जातो. या बैठकांच्या तारखा न पाहता बनवलेले प्रकल्पाचे वेळापत्रक हा मला सर्वात मोठा आर्थिक धोका वाटतो, आणि तो लेखा विभागाच्या हातात मुळीच नसतो. म्हणून अर्ज लिहिताना कुलसचिव कार्यालयातील माणूस टेबलाशी बसलेला असावा.

बिलांचे म्हणाल, तर ती युरोपला पाठवायची नसली तरी आपल्या स्थानिक लेखापरीक्षणासाठी, एफसीआरएच्या विवरणासाठी आणि आयकरासाठी लागतातच. भारतातील खरेदीचे नियम एकरकमी अनुदानामुळे शिथिल होत नाहीत. निविदा काढाव्या लागतात. 'जेम' या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून खरेदी बंधनकारक असेल तेथे ती करावी लागते. आयात उपकरणांवरील सीमाशुल्काचा विचारही आधीच करावा लागतो.

दहा टक्क्यांविषयी : युरोपीय संघ प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या कमाल नव्वद टक्क्यांपर्यंत रक्कम देतो. उरलेला भाग भागीदारांनी सोसायचा. बहुतेक ठिकाणी तो प्राध्यापकांच्या आधीच चालू असलेल्या पगारातून, सभागृहाच्या वापरातून भरून निघतो असे गृहीत धरले जाते. यात गैर काही नाही, पण ते कागदावर दाखवायला हवे. कोणत्या प्राध्यापकाच्या कामाचा किती भाग या प्रकल्पाला दिला, त्या बदल्यात त्याचे तास कोण घेणार, याचा कार्यालयीन आदेश निघाला पाहिजे. अनेक पदे रिक्त असलेल्या विभागात हा आदेश काढणे किती कठीण असते, हे आपल्याला सांगायला नको. परंतु तो आदेश निघत नसेल, तर प्रकल्प तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या विनामोबदला श्रमावर चालेल, आणि त्याला क्षमताबांधणी म्हणणे मला योग्य वाटत नाही. युरो आणि रुपया यांच्या भावातील फरकाचा तोटा कोणी सोसायचा, तेही भागीदारांच्या करारात लिहून घ्यावे.

प्रश्न : आपण या विषयाला इतके महत्त्व का देता? परक्यांनी येऊन आपली विद्यापीठे सुधारावीत, यात मला कमीपणा वाटतो. शिवाय पैसा संपला की सगळे थंड होते. आपल्या सरकारनेच विद्यापीठांना पुरेसा निधी का देऊ नये?
— निवृत्त शिक्षक, परभणी

उत्तर : शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. पदे भरणे, वेतन देणे, इमारती आणि ग्रंथालये सांभाळणे ही कामे शासनाचीच आहेत, आणि कोणतेही परदेशी अनुदान त्यांची जागा घेऊ शकत नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेल्या 'पीएम-उषा' योजनेत निवडक राज्य विद्यापीठांना प्रत्येकी शंभर कोटी रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. या आकड्यापुढे चार लाख युरो किरकोळच म्हणायचे. आणि परदेशी देणाऱ्यांवर विसंबून राहणे किती धोक्याचे असते, ते अमेरिकेच्या यूएसएड या संस्थेने दाखवून दिले. दशकानुदशके जगभर विकासकार्य करणाऱ्या या संस्थेचे मदतकार्य १ जुलै २०२५ पासून थांबले, आणि तिच्या पैशावर उभे असलेले अनेक प्रकल्प अर्ध्यावर राहिले.

कमीपणाविषयी मात्र आपण थोडा इतिहास पाहावा असे सुचवतो. कानपूरच्या आयआयटीसाठी १९६२ ते १९७२ या काळात नऊ अमेरिकी विद्यापीठांचा गट काम करत होता. १९६३ मध्ये तेथे आयबीएम १६२० हा संगणक आला. ते यंत्र केव्हाच मोडीत निघाले. परंतु त्यावर शिकवण्यास सुरुवात झालेली संगणकाची विद्या टिकली, कारण ती शिकवणारे भारतीय शिक्षक तयार झाले होते. १९६० मध्ये पंतनगरला स्थापन झालेल्या देशातील पहिल्या कृषी विद्यापीठाला इलिनॉय विद्यापीठाची साथ होती. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच छताखाली असावीत हा तेथील आराखडा पुढे देशातील कृषी विद्यापीठांनी स्वीकारला, आणि १९७२ मध्ये आपल्याच गावी स्थापन झालेले कृषी विद्यापीठही त्याच परंपरेतले आहे. बाहेरचा विचार घेण्यात कमीपणा असता, तर परभणीच्या शेतकऱ्यांना शिवारफेरीला बोलावणारे हे विद्यापीठ आज ज्या स्वरूपात आहे, त्या स्वरूपात नसते.

अलीकडचे उदाहरणही परभणीचेच आहे. जागतिक बँक आणि भारत सरकार यांनी निम्मा-निम्मा भार उचललेल्या राष्ट्रीय कृषी उच्चशिक्षण प्रकल्पात वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाला डिजिटल शेतीचे प्रगत केंद्र मिळाले. यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित यंत्रे यांचे प्रशिक्षण हा त्याचा विषय होता. ही जागतिक बँकेची व्यवस्था आणि युरोपीय भागीदारी यांच्यात फरक आहे : बँकेचा पैसा केंद्र सरकारमार्फत येतो, युरोपीय अनुदानात विद्यापीठे एकमेकांशी करार करतात. पण 'पैसा संपला की काय उरते' हा आपला प्रश्न दोन्हींना सारखाच लागू पडतो.

त्याचे मला पटलेले उत्तर 'टेक्विप' या तंत्रशिक्षण सुधारणा प्रकल्पात सापडते. जागतिक बँकेच्या मदतीने तो २००३ ते २०२१ या काळात तीन टप्प्यांत झाला. त्यात संस्थांना चार निधी उभारायला सांगितले गेले होते : कायमस्वरूपी निधी, अध्यापक विकास निधी, उपकरणे बदलण्यासाठीचा निधी आणि देखभाल निधी. दिसायला ही अट रुक्ष आहे. परंतु प्रयोगशाळेतील महागडे उपकरण तीन वर्षांनी धूळ खात पडते, ते बहुधा त्याच्या दुरुस्तीसाठी अंदाजपत्रकात ओळच नसल्यामुळे. मी परीक्षक असतो, तर प्रत्येक अर्जदार विद्यापीठाला एकच कागद मागितला असता : प्रकल्प संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षाचे त्या विभागाचे अंदाजपत्रक, व्यवस्थापन परिषदेने मान्य केलेले. आपली शंका रास्त आहे, आणि ती आपण आपल्या गावच्या विद्यापीठाच्या अधिसभा सदस्यांना जरूर विचारावी.

प्रश्न : अशा प्रकल्पातून तयार झालेल्या अभ्यासक्रमासाठी आम्ही आणि युरोपीय विद्यापीठ मिळून संयुक्त पदवी देऊ शकतो का?
— अभ्यासमंडळाचे सदस्य, बीड

उत्तर : अनुदान मिळाल्याने पदवी देण्याचा अधिकार आपोआप येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये केलेल्या विनियमांनुसार परदेशी संस्थेबरोबर जोडअभ्यासक्रम, संयुक्त पदवी किंवा दुहेरी पदवी चालवण्यासाठी भारतीय संस्थेला 'नॅक' या मूल्यांकन संस्थेचे किमान ३.०१ गुणांकन हवे, किंवा 'एनआयआरएफ' या राष्ट्रीय क्रमवारीच्या विद्यापीठ गटात पहिल्या शंभरात स्थान हवे, किंवा तिला 'प्रतिष्ठित संस्था' असा दर्जा असायला हवा. परदेशी संस्था 'टाइम्स' किंवा 'क्यूएस' यांच्या क्रमवारीत पहिल्या हजारात असावी लागते. संयुक्त पदवीत प्रत्येक संस्थेकडून किमान तीस टक्के श्रेयांक (क्रेडिट) मिळवावे लागतात. जोडअभ्यासक्रमात परदेशात मिळवलेले श्रेयांक तीस टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाहीत.

पदवी देण्याचा अधिकार संलग्न महाविद्यालयाकडे नसतो, हे आपण जाणताच. त्यामुळे आपल्या बाबतीत निर्णय विद्यापीठाचा राहील. माझे वैयक्तिक मत असे की तीन वर्षांच्या प्रकल्पात संयुक्त पदवीचे वचन देऊच नये. त्याऐवजी चालू पदवीत दोन-तीन नवे पेपर, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि त्या पेपरांसाठी मराठीतून क्षेत्रकार्याच्या पुस्तिका, एवढे ठरवावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या श्रेयांक-रचनेत नवे पेपर बसवणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. पुस्तिका मराठीत असाव्यात असा आग्रह युरोपीय भागीदार धरणार नाही. तो आपणच धरायचा, आणि त्याचे भाषांतर व छपाई यांचा खर्च अंदाजपत्रकात दाखवायचा.

प्रश्न : आपली विद्यापीठे नेहमी घेणारीच का? आमच्या विद्यापीठात आखाती आणि आफ्रिकी देशांतील विद्यार्थी शिकून गेले. आपण इतरांना मदत करू शकत नाही का?
— माजी प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : भारत हे करतच आहे. 'आयटेक' हा प्रशिक्षण कार्यक्रम १९६४ पासून चालू आहे, आफ्रिकी विद्यार्थ्यांसाठी दूरशिक्षणाचा 'ई-विद्याभारती' प्रकल्प आहे आणि आयआयटी मद्रासने २०२३ मध्ये झांझिबारला आपले केंद्र सुरू केले. युरोपीय अनुदानातही एकापेक्षा अधिक देशांचे गट करता येतात, त्यामुळे नेपाळ किंवा बांगलादेशातील विद्यापीठाबरोबर आपण अनुभवी भागीदार म्हणून उभे राहू शकतो. कोरडवाहू शेती आणि दुष्काळातील पाणीवापर या विषयांत मराठवाड्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. आपले माजी परदेशी विद्यार्थी आज कोठे शिकवतात, याची यादी मात्र विद्यापीठात कोणाकडे तरी असायला हवी.

प्रश्न : आमचे महाविद्यालय लहान आहे आणि आंतरराष्ट्रीय अनुभव शून्य आहे. आम्ही या वाटेला जावे की नाही? जायचे तर सुरुवात कोठून करावी?
— प्राचार्य, हिंगोली

उत्तर : लगेच अर्जाच्या मागे लागू नये, पण तयारी आजच सुरू करता येईल. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी विद्यापीठ पातळीवर मंडळाची तरतूद आहे. आपल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील या मंडळाशी आधी बोलावे आणि विद्यापीठ भागीदार असलेल्या प्रकल्पात सहयोगी भागीदार म्हणून येण्याची तयारी कळवावी. परदेशी तज्ज्ञाला अल्पकालीन अभ्यासक्रमासाठी बोलावण्याची केंद्र सरकारची 'ज्ञान' योजना २०१५ पासून आहे. जवळच्या एखाद्या संस्थेत तिच्याखाली अभ्यासक्रम होत असेल, तर आपले दोन शिक्षक तेथे पाठवावेत. संस्थेच्या घटनेची इंग्रजी प्रत, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, एफसीआरएची सद्यःस्थिती आणि सही करणाऱ्या पदाधिकाऱ्याचा ठराव हे सर्व एका फाइलमध्ये लावून ठेवावे. पहिल्या प्रकारचे, दोन ते चार लाख युरोंचे प्रकल्प नवख्या संस्थांना डोळ्यांपुढे ठेवूनच आखलेले आहेत, त्यामुळे अनुभव नाही म्हणून संकोच करण्याचे कारण नाही.

काळाचा हिशेब तेवढा ध्यानात ठेवावा. सध्याचा इरॅस्मस प्लस कार्यक्रम २०२१ ते २०२७ या सात वर्षांचा आहे. अर्जांचे आवाहन साधारणतः हिवाळ्याच्या तोंडाशी प्रसिद्ध होते आणि मुदत फेब्रुवारीत संपते. २०२७ च्या आवाहनानंतर नव्या कार्यक्रमाचे नियम लागू होतील आणि त्यात रकमा, प्रकार व पात्रता बदलू शकतात, म्हणून वरील आकडे त्या वर्षीच्या मार्गदर्शिकेशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नयेत.